बेट द्वारका, डनी पॉइंट: शिबिराच्या जागेचा इतिहास मुलांना काय सांगावा?

दांडियाबाजार_शिबिरगट:

डिसेंबरच्या सुट्टीत बडोद्याहून ४० मुलं (सहावी ते नववी) आणि ६ मोठी माणसं बेट द्वारकेच्या पूर्व टोकाला, डनी पॉइंटवर, तीन दिवस तंबूत राहणार आहेत. पहिल्या संध्याकाळी पाऊण तास या जागेचा इतिहास सांगायचा आहे. आतापर्यंत जे साहित्य जमलं त्यात बहुतेक सगळी सोन्याची द्वारका आणि उरलेली पर्यटनाची पत्रकं आहेत. त्यातून मुलांच्या हाती काहीच लागणार नाही.

गायकवाडी काळात या किनाऱ्याचं काय होतं, ही जागा तंबूंचीच का राहिली, आणि बुडालेल्या नगरीबद्दल खात्रीने किती सांगता येईल, एवढं हवं आहे. शिवाय तिथल्या वाळूत तंबूच्या खुंट्या टिकत नाहीत असं ऐकलं, त्यावर उपाय सांगा. परवानगीचं काम सुरू केलं आहे.

मोडीवाचक:

सुरुवात १८१७ पासून करा. त्या वर्षीच्या तहाने ओखामंडळ, म्हणजे द्वारका, ओखा आणि बेट यांचा भाग, इंग्रजांकडून गायकवाडांकडे आलं. द्वारका आणि बेट ही दोन्ही मोठी तीर्थं त्यासोबत बडोद्याच्या अखत्यारीत आली. राजधानीपासून इतक्या लांब, मध्ये दुसऱ्यांची संस्थानं आणि तिन्ही बाजूंनी समुद्र, असा हा तुकडा होता. नकाशावर बोट ठेवून दाखवलं की बडोद्याच्या मुलांना पहिला धक्का इथेच बसतो: आपल्या शहराचं राज्य एकेकाळी थेट कच्छच्या आखाताच्या तोंडाशी होतं.

त्यानंतर वाघेरांचा, म्हणजे ओखामंडळातल्या स्थानिक समाजाच्या लढ्याचा भाग येतो, आणि तो चुकवू नका. जोधा माणेक आणि मुळू माणेक यांच्या नेतृत्वाखाली वाघेरांनी द्वारका आणि बेट घेतलं. ऑक्टोबर १८५९ मध्ये कर्नल डोनोव्हनच्या फौजेने बेटाच्या किल्ल्यावर समुद्राच्या बाजूने हल्ला केला. पहिली चढाई मोठं नुकसान सोसून फसली. वाघेर रातोरात किल्ला सोडून गेल्यावर तो सुरुंगांनी उडवला गेला आणि मंदिरांचीही मोडतोड झाली. बडोद्याच्या जुन्या कागदांत या लोकांसाठी ‘बंडखोर’ हा शब्द सर्रास येतो, कारण लिहिणारा दरबाराचा माणूस होता. तिथे शिबिराला जाताना तो शब्द बडोद्यातच ठेवून जा. नाव चालवणारे, पाणी पोचवणारे, वाट दाखवणारे अनेकजण त्याच समाजाचे असतील, आणि त्यांच्या घरी मुळू माणेक वीर आहे. मुलांना दोन्ही बाजू एकाच वेळी ऐकवा.

मग सयाजीरावांचा काळ. इथे पाऊण तासातली पंधरा मिनिटं खर्च करा, कारण या भागाचं थेट किनाऱ्यावर प्रात्यक्षिक दाखवता येतं. बडोदा सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाला १९०५-०६ मध्ये ओखामंडळाचा समुद्र तपासायला बोलावलं. मोती देणारे शिंपले, शंख, कालवं यांतून राज्याला उत्पन्न मिळेल का, हा दरबाराचा प्रश्न होता. हॉर्नेलने ओहोटीत उघडे पडणारे खडक आणि खाड्या तपासल्या, नमुने निरनिराळ्या तज्ज्ञांकडे पाठवले, आणि ओखामंडळाच्या सागरी प्राण्यांवरचा अहवाल दोन भागांत, १९०९ आणि १९१६ मध्ये, बडोदा सरकारसाठी प्रसिद्ध झाला. उत्पन्नाच्या प्रश्नातून निघालेलं हे काम आज त्या आखातातल्या जीवांची शंभर वर्षांपूर्वीची नोंद म्हणून वापरलं जातं. शिबिराला जागेचा इतिहास हवा असेल तर हाच सगळ्यात नेमका. सकाळी खडकावर मुलं जे पाहणार तेच हॉर्नेल पाहत होता.

१९२६ मध्ये ओखा बंदर सुरू झालं. काठियावाडच्या बंदरांतून येणारा माल वाढला तशी इंग्रजांनी १९२७ मध्ये विरमगामची जकात-रेषा पुन्हा लावली, म्हणजे संस्थानी बंदरात उतरलेल्या मालावर ब्रिटिश हद्दीत शिरताना जकात. त्याच सुमाराला ओख्याजवळ मिठागरं उभी राहिली. पुढे तिथेच मिठापूर वसलं आणि १९३९ मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना झाली. बंदर, रेल्वे, मीठ, कारखाना हे सगळं खाडीच्या अलीकडे घडलं. पलीकडे बेटावर जायला होडीच लागत राहिली. डनी पॉइंट मोकळा राहिला त्याचं पहिलं कारण हे.

कागद पाहायचे असतील तर १८८३ चं मुंबई गॅझेटिअरचं बडोद्यावरचं सातवं खंड आणि १९२३ चं देसाई-क्लार्क यांचं बडोदा राज्याचं गॅझेटिअर, ही दोन पुस्तकं आधी काढा. सेंट्रल लायब्ररीत विचारा. शोधताना लोक नेहमी एका ठिकाणी अडकतात. ‘बेट द्वारका’ हे नाव जुन्या सूचीत सापडत नाही. तिथे नुसतं ‘बेट’ किंवा ‘शंखोद्धार’ असतं, इंग्रजीत शेवटी ‘वाय-टी’ लावून लिहिलेलं. आणि ओखामंडळ बऱ्याचदा अमरेली प्रांताच्या प्रकरणात दडलेलं असतं. अनुक्रमणिकेत द्वारका पाहून पुस्तक मिटू नका.

ओखा_ते_जोडिया:

वरच्या उत्तराला जोड. विलीनीकरणानंतर, १९४९ मध्ये, ओखामंडळ मुंबई राज्याच्या अमरेली जिल्ह्यात गेलं, १९५९ मध्ये जामनगर जिल्ह्यात आणि १५ ऑगस्ट २०१३ पासून देवभूमी द्वारका जिल्ह्यात. जुने सरकारी कागद मागताना जिल्हा चुकला की अर्ज परत येतो.

आता जागा तंबूंची का राहिली ते. दोन कायदे समजून घ्या. कच्छच्या आखाताचा दक्षिण किनारा, ओख्यापासून जोडियापर्यंत, १९८० मध्ये सागरी अभयारण्य झाला आणि त्यातला गाभा १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान, भारतातलं पहिलं. अभयारण्य सुमारे ४५८ चौरस किलोमीटर, उद्यान सुमारे १६३. कार्यालय जामनगरला आहे. दुसरा कायदा १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना. तिने गावाबाहेरच्या मोकळ्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं पक्कं बांधकाम थांबवलं. प्रवाळ, खारफुटी, वाळूच्या टेकड्या यांना त्याहून कडक संरक्षण आहे. त्यामुळे राज्याने निसर्ग-पर्यटनासाठी डनी पॉइंट पुढे आणला तो तंबूंसकटच. कापडाखाली राहणं ही तिथे हौस नाही, अट आहे. मुलांना हे आवर्जून सांगा. सिमेंटची खोली नाही म्हणून कुरकुर सुरू होते, ती कारण कळल्यावर थांबते.

नैसर्गिक कारणही आहे. बेटाचा पश्चिम भाग खडकाळ पठाराचा, गाव आणि मंदिरं तिकडे. पूर्वेकडे वाळूच्या टेकड्या आणि झुडपं. पाया धरेल अशी जमीन पश्चिमेला, तंबूला मोकळी वाळू पूर्वेला.

आणि आता २५ फेब्रुवारी २०२४ ला खुला झालेला सुदर्शन सेतू, २.३२ किलोमीटरचा. त्याआधी प्रत्येक तंबू, प्रत्येक पाण्याचा कॅन ओख्याच्या धक्क्यावर होडीत चढवावा लागे, म्हणून शिबिरं आपोआप लहान राहत. आता बस थेट बेटावर जाते. सोय झाली हे खरं, पण गर्दी आणि कचऱ्याला असलेला तो नैसर्गिक चाप गेला. तुमची ४६ जणांची तुकडी मोठी आहे. भरतीरेषेजवळ गाडी नेऊ नका, सामान शेवटचा टप्पा हातानेच वाहा.

परवानगी वनखात्याची, आणि मुक्कामाच्या नावांची यादी ओख्याच्या मरीन पोलिसांकडेही द्या. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानी आरमाराने द्वारकेवर तोफगोळे टाकले होते. हा किनारा तेव्हापासून आजपर्यंत सुरक्षेच्या दृष्टीने जागता आहे. ड्रोन घरीच ठेवा.

शंखकाम:

बुडालेल्या नगरीबद्दल. तीन वेगवेगळ्या गोष्टी लोक एकाच गोष्टीत ओवतात, त्या आधी सुट्या करा.

पहिली: द्वारका आणि बेटाजवळचं सागरी उत्खनन. पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी ते १९८३ पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वतीने केलं. पाण्याखाली दगडी रचना आणि भोकं पाडलेले दगडी नांगर मिळाले. राव यांनी त्याचा संबंध महाभारतातल्या द्वारकेशी जोडला. पुढच्या संशोधकांनी यातल्या बऱ्याच रचना ऐतिहासिक काळातल्या बंदराच्या मानल्या. नांगराचा दगड एकटा काळ सांगू शकत नाही, कारण त्या आकाराचे नांगर हिंदी महासागरात शतकानुशतकं वापरात होते. नांगरावरून एवढं मात्र नक्की म्हणता येतं की इथे जहाजं थांबत.

दुसरी: बेटाच्या जमिनीवर मिळालेले उत्तर-हडप्पा काळाचे अवशेष. त्यात शंखाची एक मुद्रा आहे, तिच्यावर तीन डोक्यांचा प्राणी कोरलेला. लेख कोरलेली बरणी आणि तांबटाचा साचाही मिळाला. हे पक्कं आहे आणि सोन्याच्या नगरीपेक्षा मुलांना जास्त खिळवून ठेवतं.

तिसरी: २००१ मध्ये गाजलेला ‘समुद्रातल्या शहराचा’ दावा. तो खंभातच्या आखातातला, म्हणजे बडोद्याच्या बाजूच्या आखातातला. बेट कच्छच्या आखाताच्या तोंडाशी. चित्रफितींमध्ये दोन्ही एकत्र करतात. ही चूक तुमच्या तक्त्यात शिरू देऊ नका.

पण माझं मत विचाराल तर सगळा इतिहास शंखाभोवती गुंफा. बेटाचं जुनं नावच शंखोद्धार. द्वारकेजवळच्या नागेश्वरला हडप्पा काळातली शंखकामाची वस्ती निघाली, आणि तिचं उत्खनन आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने केलं. म्हणजे चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरचा शंख कापून बांगड्या होत होत्या, आणि हॉर्नेलला दरबाराने विचारलेल्या प्रश्नातही तोच शंख होता.

प्रात्यक्षिक असं करा. पूजेच्या सामानाच्या दुकानातून दोन शंख घ्या, किनाऱ्यावरून एकही उचलू नका. एक शंख लोखंड कापायच्या करवतीने आडवा कापा. हे काम शिबिराआधी घरी, मोठ्या माणसाने, तोंडाला मास्क लावून आणि शंख पाण्याने ओला ठेवून करायचं. कोरडा कापला तर पांढरी भुकटी उडते, ती छातीत जाणं वाईट. एका शंखाला तास-दीड तास लागतो, पातं दोनदा तरी बोथट होतं. घाईने दाब दिला की कडेला टवका उडतो आणि कडी तुटते. कापल्यावर आतला पिळदार खांब दिसतो. त्याच्याभोवतीची कडी वेगळी केली की बांगडीचा कच्चा आकार हातात येतो. कडी पूर्ण गोल नसते. जिथे शंखाचा एक वेढा दुसऱ्याला मिळतो तिथे सांधा दिसतो. हडप्पा काळच्या कारागिरांनी नेमक्या त्या सांध्यावर ‘व्ही’सारखी खूण कोरली आहे. मुलांच्या हातात कडी द्या आणि सांधा बोटाने शोधायला सांगा. खूण तिथेच का, ते त्यांचं त्यांनाच कळेल.

वाळूतला_तंबू:

खुंट्यांचं ऐकलंत ते बरोबर आहे. तंबूसोबत येणारी १८-२० सेंटिमीटरची सळई मातीसाठी असते. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना धरत नाहीत. फसवणूक अशी होते की संध्याकाळी तंबू लावताना वाळू ओलसर असते, खुंटी घट्ट वाटते. दुसऱ्या दिवशी उन्हात वाळू सुकते आणि रात्री वारा धरला की एकेक खुंटी निसटते. एक निसटली की तिचा भार शेजारच्या दोरीवर, मग तीही.

उपाय पुरलेल्या गोणीचा. लहान गोणीत ८-१० किलो वाळू भरा, तोंड बांधा आणि मध्यावर दोरी आवळा. गुडघ्याएवढा, साधारण ५० सेंटिमीटर, खड्डा करा. गोणी आडवी ठेवा, तिची लांब बाजू तंबूकडे. खड्ड्यापासून तंबूकडे दोरीसाठी तिरकी चर काढा. ही चर विसरतात, मग दोरी सरळ वर ओढते आणि गोणी उपटून येते. वाळू परत लोटून पायाने दाबा, वर एक बादली समुद्राचं पाणी ओता. ४६ जणांना चौघांचे १२ तंबू, दर तंबूला ६ दोऱ्या, म्हणजे ७२ गोण्या. तागाच्याच घ्या. सिमेंटच्या प्लास्टिक गोण्या उन्हात विरतात आणि त्यांचे धागे वाळूत मिसळतात. मोजून पुरा, मोजून काढा. एका मुलाकडे वही द्या.

जागा निवडताना किनाऱ्यावरची शेवाळाची रेघ बघा. बऱ्याचदा दोन असतात, खालची कालच्या भरतीची, वरची मागच्या उधाणाची. वरचीच खरी धरा. ओख्याला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत साधारण तीन मीटरचा फरक पडतो. तीसला एक असा उतार असेल तर पाणी ९० मीटर आत सरकतं. दुपारी ओहोटीत लावलेला तंबू मध्यरात्री पाण्यात, हे असं होतं. सगळ्यात भरवशाची खूण मर्यादवेल. आपट्यासारखं दुभंगलेलं जाड पान, जांभळं फूल, वाळूवर पसरलेला वेल. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथून तो सुरू होतो, नाव त्यावरूनच. तंबू त्याच्या मागे लावा, त्याच्यावर नाही. वाळूची टेकडी तोच धरून ठेवतो.

तंबूची पाठ वाऱ्याकडे करा. हिवाळ्यात वारा मुख्यतः उत्तरेकडून येतो, तरी तिथे पोचल्यावर रुमाल धरून खात्री करून घ्या. झडपा पूर्ण बंद करून झोपू नका. हवा दमट असते, आत श्वासाचं पाणी साचून पहाटे अंथरुणं ओली होतात. चेनमध्ये वाळू अडकली तर ओढाताण करू नका, ब्रशने झाडून मेणबत्ती घासा. परतल्यावर तंबू आणि दांड्यांचे सांधे गोड्या पाण्याने धुवा, मिठाने सांधे एकमेकांत चिकटतात.

दांडियाबाजार_शिबिरगट:

खूप उपयोगी. दोन राहिलेले प्रश्न. खडकावर मुलांना कोणत्या वेळी न्यायचं? भरतीची वेळ काढायचं कोकणातलं ‘तिथी गुणिले पाऊण’ हे गणित ओख्याला चालेल का? आणि पाणी किती न्यावं?

ओखा_ते_जोडिया:

ते गणित कोकण किनाऱ्यासाठी बसवलेलं आहे. ओख्याला अंदाजापुरतं धरा, मुलांना पाण्यात नेण्यासाठी नाही. आखातात आत जावं तशी भरतीची वेळ मागे सरकते, त्यामुळे एका बंदराची वेळ दुसऱ्याला लागू होत नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टकं काढतो, त्यात ओख्याची स्वतंत्र पानं आहेत. तीन दिवसांच्या वेळा कागदावर उतरवून स्वयंपाकाच्या तंबूवर लावा. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, हे मुलांना त्या कागदावरच दिसेल.

तारखा अजून बदलता येत असतील तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस निवडा. पाणी खूप मागे जातं आणि सकाळची ओहोटी उजाडल्यानंतर येते. ओहोटीच्या दीड तास आधी खडकावर उतरा, ओहोटीच्या क्षणी परत फिरा. पाणी वळल्यावर आधी खळगे आणि मागची वाट भरते, समोरचा खडक कोरडाच दिसत राहतो, म्हणून लोक अडकतात. दहा मुलांमागे एक मोठा माणूस, सगळ्यांच्या पायात बंद बूट. दगड उलटला तर जसा होता तसा परत ठेवायचा, नाहीतर खालचे जीव उन्हाने मरतात. प्रवाळावर पाय नको, शंकूच्या आकाराचा शंख हातात नको. त्यातल्या काहींचा दंश विषारी असतो. काहीही घरी न्यायचं नाही. अभयारण्यात रिकामा शिंपलाही नाही, आणि कठीण प्रवाळ तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

पाण्याचा हिशेब: ४६ माणसं, ३ दिवस, म्हणजे १३८ माणूस-दिवस. पिणं, स्वयंपाक, तोंड-हात धुणं धरून माणशी १२ लिटर, एकूण १,६५६. सांडलवंड धरून २,००० लिटरचा टँकर बेटावर ठरवा. पिण्याचं पाणी वेगळ्या झाकणाच्या कॅनमध्ये, माणशी रोज ३ लिटर, म्हणजे सव्वाचारशे लिटरच्या आसपास. भांड्यांचा पहिला हात समुद्राच्या पाण्याने, शेवटचा गोड्याने. आंघोळ या हिशेबात नाही, हे पालकांना आधीच कळवा.

रात्री मोठे दिवे आणि शेकोटी टाळा. या किनाऱ्यांवर हिरवी कासवं अंडी घालायला येतात, हंगाम डिसेंबरातही रेंगाळतो. उजेडाने मादी परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालतात. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा.

मोडीवाचक:

पाऊण तासाची मांडणी करताना नकाशा तीन ठेवा: १८१७ नंतरचं बडोदा राज्य, १९२६ चं ओखा बंदर दाखवणारा आणि आजचा सेतू असलेला. एकाच मापात, एकाच दिशेने काढलेले. कापडावर रंगवले तर उत्तम. कागद तिथल्या वाऱ्यात दहा मिनिटं टिकत नाही.

जाताना सौराष्ट्र मेल घेत असाल तर ती रात्री बडोद्याला येते आणि दुसऱ्या दिवशी थेट ओख्याला उतरवते. मिठापूर उजेडी लागतं. खिडकीतून मिठागरं दिसली की मुलांना जागं करा, बंदर आणि विरमगामच्या जकातीची गोष्ट तिथेच सुरू करता येईल.